स्किप दाबण्याआधी: जेनस फिल्म्सच्या दोन चेहऱ्यांच्या लोगोची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत.)



आज सुरुवात एका कबुलीजबाबाने करते. सिनेमा सुरू झाला की पहिल्यांदा जे लोगो येतात ना, सिंह, डोंगर, तुतारी वगैरे, ते उडवायचा कोड मी लिहिलाय. हो, मी. इंजिनियरिंग संपवून एका ओटीटी कंपनीत लागले होते. कंपनीचं नाव सांगणार नाही, उगाच कशाला! तिथे आमच्या टीमला टार्गेट होतं की प्ले दाबल्यापासून 'खरा सिनेमा' सुरू होईपर्यंतचा वेळ कमी करायचा, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक कंटाळून निघून जातात.

मग मी काय केलं, एक साधा डिटेक्टर लिहिला. सुरुवातीच्या भागात काळी फ्रेम, मग मधोमध काहीतरी स्थिर, मग परत काळी फ्रेम, असा पॅटर्न दिसला की तो लोगो समजायचा. असे जितके तुकडे सलग सापडतील तितके ओलांडायचे आणि सिनेमा थेट पुढून सुरू करायचा. प्रेक्षकाला बटणसुद्धा दाबायला लागत नव्हतं. डेमोला टाळ्या पडल्या. मी खूश.

तीनेक महिन्यांनी सपोर्टकडून एक ईमेल माझ्याकडे आला. एका प्रेक्षकाचा होता. आमच्याकडे एक जुना, दुरुस्त केलेला भारतीय सिनेमा होता. त्याच्या सुरुवातीला एक कार्ड होतं, ही प्रत कुणाकुणाच्या मदतीने वाचली ते सांगणारं. या गृहस्थांच्या वडिलांनी त्या सिनेमाची एक प्रिंट कित्येक वर्षं घरात सांभाळून ठेवली होती आणि दुरुस्तीसाठी दिली होती. वडील आता नाहीत. आईला ते नाव दाखवायला म्हणून सगळे टीव्हीसमोर बसले. प्ले दाबलं आणि सिनेमा थेट पहिल्या दृश्यापासून सुरू झाला. त्यांना वाटलं, आम्ही नाव काढूनच टाकलं. ईमेलमध्ये चिडचिड अजिबात नव्हती. फक्त विचारलं होतं, 'ते कार्ड परत लावता येईल का?'

माझ्या डिटेक्टरला ते कार्ड म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध काहीतरी स्थिर. म्हणजे लोगो. म्हणजे उडवा.

तेव्हापासून मला या लोगोंचा नादच लागला. आणि शोधता शोधता एका कंपनीपाशी येऊन थांबले, ती म्हणजे जेनस फिल्म्स. अमेरिकेतली वितरण कंपनी. बर्गमन, फेलिनी, त्रुफो, कुरोसावा ही नावं तुम्ही ऐकली असतील, तर त्यांचे सिनेमे अमेरिकेत पोचवण्यात यांचा मोठा हात आहे. आज त्यांच्या लोगोची गोष्ट.

आधी वॉटरमार्क

पण त्याआधी दोन मिनिटं मागे जाऊ. सिनेमात कंपनीची खूण आली कशासाठी? आपल्याला वाटतं जाहिरातीसाठी. मुळात कारण होतं चोरी.

१९०० च्या आसपास सिनेमाच्या प्रती विकत मिळायच्या. एक प्रत घ्यायची, तिच्यावरून दहा काढायच्या आणि विकायच्या, असा धंदा सर्रास चालायचा. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसचा १९०२ चा चंद्रावर जायचा सिनेमा आठवतो? चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसतं तो. अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रती धो धो चालल्या. मग या कंपन्यांनी काय केलं, आपली खूण थेट सेटवरच लावायला सुरुवात केली. मेलिएसच्या स्टार फिल्मचा तारा, पाथे कंपनीचा कोंबडा, अमेरिकेत बायोग्राफ कंपनीची 'ए' आणि 'बी' ही अक्षरं. दिवाणखान्याचं दृश्य चालू आहे आणि मागे भिंतीवर कोंबडा! कारण सुरुवातीचं कार्ड कापता येतं, पण भिंत कशी कापणार? आपण आज व्हिडिओच्या कोपऱ्यात वॉटरमार्क टाकतो ना, तेच.

म्हणजे लोगोचं पहिलं काम होतं 'हे कुणाचं आहे' ते सांगणं. जेनसपर्यंत येईतो त्यात आणखी एक काम जोडलं गेलं, 'हे तुमच्यापर्यंत कुणी आणलं' ते सांगण्याचं.

दारावरचा देव

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचं गाव आहे, हार्वर्ड विद्यापीठाचं. तिथे ब्रॅटल थिएटर आहे. १९५३ पासून तिथे सिनेमे दाखवायला लागले. चालवणारे दोघं, ब्रायंट हॅलिडे आणि सायरस हार्वी. हॅलिडे नट होता. हार्वी पॅरिसला शिकायला गेला होता आणि तिथे सिनेमाचं वेड घेऊन आला. आपल्या थिएटरला हवे तसे परदेशी सिनेमे मिळत नाहीत म्हटल्यावर दोघांनी १९५६ साली स्वतःच वितरण सुरू केलं. तीच जेनस फिल्म्स.

आता नाव बघा. जेनस हा रोमन देव. दारांचा, उंबरठ्यांचा, सुरुवातींचा. जानेवारी महिन्याचं नाव त्याच्याशीच जोडलेलं आहे. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर गणपती असतो ना, कामही त्याच्याच नावाने सुरू होतं, साधारण तसं खातं. फरक इतकाच की जेनसला चेहरे दोन. एक मागे बघतो, एक पुढे. रोमन लोकांच्या कांस्याच्या नाण्यांवर त्याचं हे मस्तक असायचं. आपल्याकडे 'दुतोंडी' म्हटलं की शिवी वाटते, पण दाराचं काम बघायचं तर दोन्ही बाजूंना डोळे पाहिजेतच की!

जेनस फिल्म्सचा लोगो म्हणजे हेच मस्तक. एक चेहरा डावीकडे, एक उजवीकडे, आणि सोबत कंपनीचं नाव. बस. गर्जना नाही, आकाशातून पडणाऱ्या चांदण्या नाहीत.

परदेशी सिनेमा अमेरिकेत आणणाऱ्या कंपनीला हे किती चपखल बसतं! एक तोंड तिकडच्या लोकांकडे, एक इकडच्या. १९५८ मध्ये त्यांनी बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' अमेरिकेत आणला. मृत्यूबरोबर बुद्धिबळ खेळणारा सरदार, स्वीडिश भाषा, काळा-पांढरा. अशा सिनेमाला कोण जाणार? पण कॉलेजातली पोरं गेली. हळूहळू असं झालं की दिग्दर्शकाचं नाव माहीत नसलं तरी ते दोन चेहरे दिसले की प्रेक्षक निवांत बसायचा. यांनी आणलंय, म्हणजे बघू या. मित्राने पाठवलेल्या प्लेलिस्टवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो तसं.

साडेसात फूट ते नखाएवढा

आता माझ्यातली इंजिनियर जागी होते, सहन करा. हा लोगो सत्तर वर्षांत बदलला किती? कल्पना बदललीच नाही, दोन चेहरे तेच. बदललं ते ज्याच्यावर तो छापलाय, ते. आणि मला ते जास्त भारी वाटतं.

थिएटरच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम आणि एका फुटात १६ फ्रेम. म्हणजे पाच सेकंदांचा लोगो झाला १२० फ्रेम, साडेसात फूट फिल्म. अक्षरशः हातात धरता येईल, दाराच्या उंचीएवढा लोगो! आणि तो प्रत्येक प्रिंटच्या डोक्याशी.

या डोक्याचीच तर गोमची गोष्ट आहे. माझा मामा मिरजेकडे एका सिंगल स्क्रीनला ऑपरेटर होता. त्याला मी विचारलं, रीळ सगळ्यात आधी कुठे खराब होतं? विचार न करता म्हणाला, "तोंडाला आणि शेपटीला. मशीनमध्ये घालताना ओढाताण तिथंच व्हती की." फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून जोडणार. म्हणजे शंभर खेळ झालेल्या प्रिंटवर सगळ्यात जास्त ओरखडे कुणाच्या अंगावर? लोगोच्या. पुढच्या सिनेमाच्या वाटचा मार तो खातो.

मग आली १६ मिलिमीटरची फिल्म. ही कॉलेजं, फिल्म सोसायट्या, वाचनालयं यांच्यासाठी. १९६० च्या दशकाच्या मध्यावर हॅलिडे आणि हार्वीने कंपनी विकली. हार्वीने पुढे साबण-अत्तरांची क्रॅबट्री अँड एव्हलिन ही कंपनी काढली. खरंच! विदेशी सिनेमानंतर सुगंधी साबण. नवे मालक आले विल्यम बेकर आणि सॉल ट्यूरेल. त्यांच्या काळात हे सिनेमे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वर्गांत मोठ्या प्रमाणावर पोचले. १६ मिलिमीटरला एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे तोच पाच सेकंदांचा लोगो तीन फुटांवर आला.

पुढे टीव्ही आणि व्हिडिओ. जुने टीव्ही चित्राच्या कडा खायचे, त्यामुळे महत्त्वाचं सगळं मधोमध ठेवायला लागायचं. १९८४ मध्ये क्रायटेरियन सुरू झालं, लेझरडिस्क काढणारं. पहिल्या दोन डिस्क होत्या 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग'. जेनसचा खजिना क्रायटेरियनमुळे घरोघरी गेला. आज आपण ज्याला 'एक्स्ट्रा फीचर्स' म्हणतो, म्हणजे जाणकाराची कॉमेंटरी वगैरे, ती सवय त्यांनीच लावली. पुढच्या पिढीत बेकरांचा मुलगा पीटर आणि ट्यूरेलांचा मुलगा जोनाथन यांनी सूत्रं घेतली.

२००६ ला गंमत बघा. क्रायटेरियनने नवीन लोगो घेतला, इंग्रजी 'सी' अक्षराचा, पेंटाग्राम या नावाजलेल्या डिझाइन कंपनीकडून. त्याच वर्षी जेनसला पन्नास वर्षं झाली म्हणून पन्नास सिनेमांचा एक भलामोठा संच निघाला. त्यावर मात्र तोच जुना देव. एका घरातल्या दोन कंपन्या. एक काळाप्रमाणे कपडे बदलते, दुसरी आजीसारखी नऊवारीतच.

आणि आता डीसीपी, म्हणजे थिएटरला हार्ड डिस्कवर जाणारा डिजिटल सिनेमा. यात प्रत्येक फ्रेम म्हणजे वेगळं जेपीईजी २००० चित्र. आणि कुठला तुकडा कशानंतर वाजवायचा याची एक यादी असते, साध्या एक्सएमएल फाइलमध्ये. म्हणजे लोगो आता सिनेमाला चिकटवावा लागत नाही. यादीत वरती एक ओळ टाकली की लागला, काढली की गेला. ओरखडे नाहीत, कात्री नाही. पण यामुळेच माझ्यासारखीला तो इतक्या सहज उडवता येतो. साडेसात फूट फिल्म कापायला निदान मामाला कात्री तरी घ्यायला लागली असती.

आणि शेवटी आपला मोबाइल. त्यावर ते मस्तक नखाएवढं दिसतं. तरी ओळखू येतं! कारण आकृती साधी आहे, दोन चेहऱ्यांची बाह्यरेषा. ॲपचा आयकॉन करणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.

एकाच सिनेमाचे तीन वाहक

आता महत्त्वाचं. आम्ही कोड लिहितो तेव्हा गिट नावाची एक वही असते. कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद त्यात राहते. जुन्या सिनेमाच्या तोंडाशी असणारे लोगो म्हणजे मला तशी वही वाटायला लागलीय. उदाहरण देते.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली'. १९५५ चा. अमेरिकेत १९५८ मध्ये तो एडवर्ड हॅरिसन या वितरकाने लावला. १९९० च्या दशकात रायांचे सिनेमे परत तिकडे लागले ते सोनी पिक्चर्स क्लासिक्सकडून, आणि त्यामागे होते आपल्या मुंबईत जन्मलेले निर्माते इस्माईल मर्चंट. पण त्याच दशकात एक भयंकर गोष्ट झाली. रायांच्या काही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनला गेल्या होत्या. जुलै १९९३ मध्ये तिथल्या हेंडरसन्स लॅबला आग लागली. अपूच्या तिन्ही सिनेमांच्या निगेटिव्ह त्यात होरपळल्या.

जळके डबे फेकून दिले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. पण ते अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या आर्काइव्हने जपून ठेवले. वीस वर्षं! मग क्रायटेरियन आणि अकादमीने ते इटलीत बोलोन्याच्या लॅबला पाठवले. तिथल्या लोकांनी कडक झालेली, वाकलेली फिल्म रसायनात ओलावून मऊ केली, कडेची भोकं हाताने दुरुस्त केली. असं जवळजवळ हजार तास. त्यातून 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्या होरपळलेल्या मूळ निगेटिव्हमधूनच परत मिळाला. 'अपूर संसार'ची मात्र काहीच वापरता आली नाही. बाकीचा भाग दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून घेतला. मे २०१५ मध्ये हे तिन्ही सिनेमे न्यूयॉर्कमध्ये परत थिएटरला लागले. वितरक कोण? जेनस फिल्म्स.

हॅरिसन, मग सोनी क्लासिक्स, मग जेनस. सिनेमा तोच, अपू-दुर्गा तेच, रेल्वे बघायला धावणं तेच. पण प्रत्येक वेळी त्याला पाठीवर घेऊन येणारं कुणीतरी वेगळं होतं. ते कोण होतं हे सिनेमाच्या गोष्टीत कुठेच येत नाही. ते फक्त त्या पाच सेकंदांत येतं.

मागे बघणारा, पुढे बघणारा

तुम्ही म्हणाल, म्हणजे ही कंपनी जुनंच जपणारी. अगदी तसंही नाही. दुसरा चेहरा आहे ना! गेल्या काही वर्षांत जेनस, साइडशो नावाच्या कंपनीबरोबर, नवीन सिनेमेही लावते. जपानचा 'ड्राइव्ह माय कार', २०२२ चा ऑस्कर. लाटव्हियाचा मांजरीचा 'फ्लो', २०२५ चा ऑस्कर. आणि पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट', २०२४ चं कान महोत्सवातलं ग्राँ प्री.

माझी मावसबहीण न्यूजर्सीला असते. ती हा सिनेमा तिकडे थिएटरला बघून आली आणि मला व्हॉइस नोट पाठवली. "अगं, सुरुवातीला तुझा तो दोन तोंडांचा बाबा आला! आणि नंतर मुंबई. मी रडलेच." त्या सिनेमात छाया कदम आहेत. गिरणगावातलं घर सुटलेली, रत्नागिरीकडे गावी परत जाणारी बाई. हिंदी, मल्याळम, मराठी सगळं आहे त्यात.

आणि अजून एक धागा. पायल कपाडिया शिकल्या पुण्याच्या एफटीआयआयमध्ये. ती संस्था उभी आहे प्रभात स्टुडिओच्या जागेवर. प्रभात, म्हणजे तुतारी फुंकणारी ती बाई! आपल्या आजी-आजोबांच्या डोक्यात पक्का बसलेला लोगो. तुतारीच्या अंगणात शिकलेल्या मुलीचा सिनेमा दोन चेहऱ्यांच्या दारातून अमेरिकेत गेला. मला हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

२०२४ मध्ये जेनस आणि क्रायटेरियन पुन्हा विकल्या गेल्या. नवे मालक स्टीव्हन रेल्स. लोगो? तोच. पडद्यावर अजून तेच दोन चेहरे येतात.

आणि माझा कोड

तर त्या ईमेलचं काय झालं? मी टीमकडे गेले. म्हटलं, आपोआप उडवणं बंद करू, फक्त बटण ठेवू. मॅनेजर म्हणाले, आकडे चांगले आलेत, कशाला हात लावतेस? वाद झाला. शेवटी तडजोड निघाली. नवीन सिनेमांना आपोआप स्किप राहील. जुन्या आणि दुरुस्त केलेल्या सिनेमांना काहीच उडवायचं नाही, पण असे सिनेमे कुठले ते मी माझ्या वेळात शोधून टॅग करायचे. दोनेकशे सिनेमे होते. चार शनिवार-रविवार गेले. प्रत्येकाची फक्त पहिली दोन मिनिटं बघितली. इतक्या खुणा, इतकी नावं, इतके आभार! या सगळ्यावरून मी एका फंक्शनने बोळा फिरवला होता.

मी जिंकले असं नाही म्हणणार. अर्धंच मिळालं. पण त्या गृहस्थांना मी स्वतः उत्तर लिहिलं की कार्ड परत आलंय, आणि चूक आमच्या प्रोग्रॅमची होती. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं. 'आईने तिथे पॉज करायला लावलं.'

म्हणून मंडळी, माझी विनंती इतकीच. प्रत्येक लोगो बघा असं मी म्हणत नाही. वेब सिरीजच्या आठव्या एपिसोडला मीही स्किप दाबते. पण एखादा जुना सिनेमा लावाल, किंवा ज्याची भाषा आपल्याला येत नाही असा लांबचा सिनेमा लावाल, तेव्हा पहिला अर्धा मिनिट अंगठा आवरा. हे आपल्यापर्यंत कुणी आणलं, तेवढं वाचा. मग खुशाल पुढे जा.

आजच्यापुरतं इतकंच. आवडलं तर त्या मित्राला पाठवा जो थिएटरमध्ये लोगो संपल्यावरच आत येतो. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच! भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.